फाटकावरची आमा

मित्रांनो, मी मुंबईतल्या मढच्या एका बंगल्याच्या फाटकावरची जुनी पाटी आहे. माझ्यावर एकच शब्द कोरलेला आहे, ‘आमा’. आता तुम्ही लगेच विचारणार, आमा म्हणजे काय? हात जोडून सांगते, विचारू नका. पाटीला हात नसतात हे मला ठाऊक आहे, पण बोलायची पद्धत असते. इतकी वर्षं येणारा-जाणारा हेच विचारतो, आणि उत्तराची वाटही न बघता अर्थ स्वतःच ठरवून मोकळा होतो. तुमचं नाव विचारून त्याचा अर्थ कोणी तुम्हालाच समजावून सांगायला लागलं, तर तुम्हाला राग येईल की नाही? मलाही येतो. आणि मी खिळलेली असते, त्यामुळे उठून जाताही येत नाही.

मी मुळात पाटी नव्हते. पाट होते. तळकोकणात शिरोड्याजवळच्या एका घरात, न्हाणीघरात, फणसाच्या लाकडाचा एक बुटका पाट होता, तो म्हणजे मी. त्या घरात चंद्रप्रकाश नावाचं मूल जन्माला आलं आणि त्याची आई बाळंतपणातून उठलीच नाही. मूल सांभाळायला तेरेखोलच्या खाडीपलीकडून एक बाई आणली. तिचं नाव सुगंधा. खाडीच्या पलीकडे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि तिकडे ती ज्या मोठ्या घरात कामाला होती, तिथे मूल सांभाळणाऱ्या बाईला ‘आमा’ म्हणत. शब्द पोर्तुगीजांचा. सुगंधा आली ती हा शब्द बरोबर घेऊनच आली. शिरोड्यात तिला सुगंधा अशी हाक कोणी मारली नाही.

ती रोज सकाळी माझ्यावर बसायची, पाय लांब करायची, पायांवर चंदूला पालथं घालायची आणि खोबरेल तेलाने रगडायची. चंदू आख्खं घर डोक्यावर घ्यायचा. एकदा चुलीतला निखारा उडून माझ्या कोपऱ्यावर पडला, तेव्हा तिने मूल उराशी धरून पायाने निखारा उडवला. माझा कोपरा जळाला, चंदूला काही झालं नाही. तो काळा डाग माझ्यावर अजून आहे. मला त्याची लाज नाही, उलट थोडा अभिमानच आहे.

चंदू शाळेत जायला लागला तेव्हा त्याला एक विद्यार्थी हवा होता. घरात रिकामी अशी आमाच. तिला समोर बसवून त्याने शाळेच्या दगडी पाटीवर दोन अक्षरं काढून दिली, आ आणि मा. ती गिरवून गिरवून आमा ते शिकली. चंदू म्हणाला, आता क शिक. ती म्हणाली, “कित्याक? माझां नाव झाला मां? पुरे.” तिचं शिक्षण तिथेच संपलं. त्यानंतर रस्त्यात कुठेही आ दिसला की ती थांबून त्याच्या पुढे मा आहे का ते बघायची. आवळ्याच्या तेलाच्या जाहिरातीसमोर एकदा बराच वेळ उभी राहिली होती म्हणतात.

चंदू मोठा झाला, बोटीवर इंजिनियर झाला, जगभर फिरला. ऐंशी साली त्याने मढला छोटासा बंगला बांधला. निळ्या खिडक्या, फाटकाशी सुरंगीचं झाड, मागे समुद्र. नाव काय द्यायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही. गावाहून त्याने मला आणलं आणि खारदांड्याला दशरथ सुतारांकडे नेलं. दशरथ सुतार कोळ्यांच्या होड्या दुरुस्त करायचे. मला बघून म्हणाले, “साहेब, हा पाट आहे. पाटावर नाव कोरतात होय?” चंद्रप्रकाश म्हणाले, “कोरा तुम्ही.” सुतारांनी माझ्या खालच्या पट्ट्या काढल्या, रंधा मारला, दोन अक्षरं खोल कोरली आणि त्यांत पांढरा रंग भरला. जळका कोपरा छाटतो म्हणाले, तर चंद्रप्रकाश हातच धरायला धावले. मला बरं वाटलं.

इथवर सगळं छान होतं. इथून पुढे लोक सुरू झाले.

शेजारच्या बंगल्यातले निवृत्त वैद्य पहिल्याच दिवशी फाटकाशी थांबले. म्हणाले, “आम म्हणजे न पचलेलं अन्न. घराला असलं नाव?” आणि चंद्रप्रकाशांना सुंठीचा काढा सुचवून गेले. चंद्रप्रकाशांच्या बोटीवरचे एक मित्र जेवायला आले, ते म्हणाले, जपानात समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायकांना आमा म्हणतात, तू म्हणूनच समुद्राकाठी घर घेतलंस ना? त्यांना वाटलं गुपित ओळखलं. समोरच्या बंगल्याचा रखवालदार नेपाळचा, नाव जंगबीर. त्याने मला पहिल्यांदा वाचलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले. त्याच्या भाषेत आमा म्हणजे आई. तेव्हापासून तो रोज सकाळी ड्युटीवर येताना मला नमस्कार करतो. याचा मला राग आला नाही, खरं सांगते. पण त्याचं बघून कोळीवाड्यातल्या दोन-चार बायकाही नमस्कार करायला लागल्या आणि एकीने तर खाली फूल ठेवलं. मी देवी नाही हो. मी पाटी आहे.

बरं, या भाषांचं आपसात काही नातं असतं तर मी समजून घेतलं असतं. जपानीची पोर्तुगीजशी ओळख नाही, पाळखही नाही. कुठे लिस्बन, कुठे नेपाळचे डोंगर. पण दोन अक्षरं सगळ्यांच्या तोंडात आपापली उगवली, आणि प्रत्येकाला वाटलं की हे आपल्याच अंगणातलं झाड आहे. वाटू दे. पण मग बाकीच्यांना वेड्यात काढायचं कारण काय?

चंद्रप्रकाश सहा-सहा, आठ-आठ महिने बोटीवर असत. बंद घर खाऱ्या हवेने सडतं. राखणीला गुणाजी होता, तोही कोकणातलाच, आउटहाउसमध्ये राहायचा. त्याने सुचवलं, आजूबाजूचे सगळे बंगले शूटिंगला देतात, आपणही देऊ, निदान दारं-खिडक्या उघडतील, पंखे फिरतील. चंद्रप्रकाश हो म्हणाले. आणि मित्रांनो, माझी वाट लागली.

शूटिंगवाल्यांची एक रीत आहे. बंगला कोणाचाही असो, सिनेमात तो सिनेमातल्या माणसाचा असतो. म्हणून पहिलं काम काय, तर घराची पाटी काढायची आणि आपली लावायची. हे काम नंदकिशोर नावाचा सेटिंगवाला करायचा. त्याच्या टेम्पोत पाट्यांचा ढीग असायचा. मी पाहिलंय, हेच घर सोमवारी अनाथाश्रम असायचं, गुरुवारी स्मगलरचा अड्डा आणि रविवारी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. प्रत्येक वेळी नंदकिशोर पान चघळत यायचा, स्क्रू काढायचा आणि मला भिंतीशी टेकवायचा. परत लावताना त्याचं लक्ष दुसरीकडे. एकदा तर त्याने मला उलटं लावलं. आठ दिवस मी डोकं खाली, पाय वर. त्या आठ दिवसांत मात्र माझा अर्थ कोणी विचारला नाही, तेवढं एक सुख.

नाहीतर शूटिंगची माणसं म्हणजे अर्थ विचारणारी फौजच. कॅमेरामन मद्रासचा, तो मला बघून हसायचा आणि मान डोलवायचा. त्याच्या तमिळमध्ये आमा म्हणजे ‘हो’. लाइटमन केरळचा. तो म्हणाला, “हो कसलं? आमा म्हणजे कासव.” मग दोघांची जुंपली. चहा थंड झाला, दिग्दर्शक ओरडला, आणि मी आपली भिंतीशी टेकून ऐकतेय. कासव! शिरोड्याच्या न्हाणीत चंदूला रगडणारी ती बाई यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यांसमोर नव्हती. असणार तरी कशी? त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

आता तो दिवस सांगते. सत्याऐंशी सालचा मार्च असेल, कारण सुरंगी नुकती फुलली होती.

गावाकडचं जुनं घर चंद्रप्रकाशांच्या चुलत्यांनी विकलं होतं आणि आमाला राहायला जागा उरली नव्हती. तिचा भाचा विक्रोळीला कारखान्यात होता, चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं, तिथे ती तात्पुरती आली होती. चंद्रप्रकाशांनी बोटीवर जाण्याआधी भाच्याकडे निरोप ठेवला होता, की आमाला मढला पाठव, आता तिने इथेच राहायचं. आणि गुणाजीला सांगून ठेवलं होतं, शूटिंग संपलं की पुढच्या आठवड्यात आमा येईल, तिची खोली तयार ठेव. गुणाजीने खोली झाडून ठेवलीही होती.

पण आमाला पुढचा आठवडा कोण समजावणार? विक्रोळीच्या खोलीत तिला आपली अडचण होतेय असं वाटायला लागलं, आणि एक दिवस सकाळीच तिने गाठोडं बांधलं. भाच्याने तिला वर्सोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसवलं. त्याची पाळी होती, पुढे येता आलं नाही. त्याने सांगितलं, उतरलीस की सरळ चालत जा, निळ्या खिडक्या, सुरंगीचं झाड, आणि फाटकावर तुझं नाव. तुला वाचता येतं ना?

येत होतं. तेवढंच येत होतं.

आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी नंदकिशोर टेम्पो घेऊन हजर. नव्या सिनेमाचा पहिला दिवस. “ही काढा रे आधी. आमा न् बिमा. आज इथे ठाकूर हवेली आहे.” मला काढलं आणि भिंतीशीसुद्धा टेकवलं नाही. जनरेटरच्या वायरींजवळ गवतात पालथं टाकलं. अक्षरं मातीत, पाठ वर. माझ्यावरून मुंग्या चालायला लागल्या. फाटकावर सोनेरी अक्षरांची ही मोठी पाटी चढली.

गुणाजी फाटकावर असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण दिग्दर्शकाला ठाकुरांच्या घरी ट्रे घेऊन येणारा नोकर हवा होता आणि त्याला गुणाजीचं नाक आवडलं. झालं. गुणाजी सकाळपासून मागच्या व्हरांड्यात मेकअपला बसला. फेटा, मिशा, लाल पट्टा. आरशातून त्याची नजरच हटेना. जंगबीरला त्यांनी मागे समुद्राच्या बाजूला गर्दी हटवायला उभं केलं होतं. म्हणजे मला ओळखणारी दोन माणसं, आणि दोन्ही जागेवर नाहीत.

मी गवतात पडले होते तेव्हा रस्त्यावरून एक आवाज आला. कोणीतरी स्वतःशीच बोलत येत होतं. “ही निळी खिडकी. ही सुरंगी. बरां.” आवाज म्हातारा झाला होता, पण मी तो ओळखला. जो आवाज चंदूला अंगाईऐवजी दटावून झोपवायचा, तोच हा. चपला फाटकाशी थांबल्या.  मला दिसत नव्हतं, पण मला कळत होतं, ती वर बघून आ शोधतेय.

“ह्यात आ खंय आसा?” ती म्हणाली.

आतून एक स्पॉटवाला आला. “ए आजी, बाजूला हो ना. शूटिंग चालूय.”

“बाबा, ह्या चंदूचा घर मां?”

“कोण चंदू? हा ठाकूरसाहेबांचा बंगला आहे. पुढे जा.”

तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्या दिवसापुरतं त्याला तेच खरं होतं. पण मित्रांनो, मी तिथे सहा पावलांवर पालथी पडले होते. मला तोंड असतं तर मी असा गळा काढला असता की वर्सोव्याला ऐकू गेला असता. लाकडाला ऐकता येतं पण बोलता येत नाही, ही किती जाचाची गोष्ट आहे ते तुम्हाला नाही कळायचं.

ती पुढे गेली. तिने काय काय केलं ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. सगळे बंगले बघून परत आली. पुन्हा वर बघितलं. खिडक्या त्याच, झाड तेच, नाव दुसरं. शेवटी ती समोरच्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “नाव बदलल्यान. झिलान माझां नाव काढून टाकल्यान.”

एवढंच. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. चंदूने घराला तिचं नाव दिलंय, हे शिरोड्यात तिने किती जणांना सांगितलं असेल! ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही सांगितलं असेल. आता ती गाठोडं मांडीवर घेऊन दुपारच्या बोटीची वाट बघत होती. बोटीने वर्सोवा, तिथून विक्रोळी, मग एस्टीने गाव. गावात घर नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी ती जाणार होती, कारण ज्याने आपलं नाव काढून टाकलं त्याच्या दारात ती बसणारी बाई नव्हती.

तेवढ्यात आत आरडाओरडा झाला. मुहूर्ताचा नारळ फोडायचा होता आणि पाट नव्हता.

नंदकिशोरने सगळं आणलं होतं. खोटा टेलिफोन, भुसा भरलेला वाघ, ठाकुरांच्या खापरपणजोबांचं तैलचित्र. पाट तेवढा विसरला. पूजा सांगणारे गुरुजी हटून बसले, नारळ जमिनीवर ठेवणार नाही म्हणाले. “अरे, एक फळी मिळत नाही तुम्हाला?” दिग्दर्शक ओरडला. नंदकिशोरने इकडे तिकडे बघितलं, गवतातून मला उचललं, बाहीने पुसलं आणि म्हणाला, “ही घ्या. फर्स्ट क्लास पाट आहे.”

नकळत का होईना, त्याच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं हे पहिलं खरं वाक्य.

मला फाटकाजवळ मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला, उदबत्त्या लावल्या. कॅमेऱ्याला हार घातला, क्लॅपला हार घातला, एक हार उरला. कोणीतरी म्हणालं, “पाटाला घाला, वाया कशाला घालवायचा?” घातला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, खोबरं वाटायला घेतलं. आता ट्रॉलीला वाट हवी होती, म्हणून नंदकिशोरने मला उचलून फाटकाच्या खांबाशी उभं केलं, हारासकट. आणि जळत्या उदबत्त्या फेकवत नव्हत्या म्हणून माझ्या पुढ्यात मातीत खोचल्या.

आता डोळ्यांसमोर आणा. एक नाव. नावाला झेंडूचा हार. कपाळावर कुंकू. पुढ्यात उदबत्तीचा धूर. आपल्याकडे असं कोणाचं मांडून ठेवतात, हे मी सांगायला हवं का? शूटिंगच्या शंभर माणसांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही.

स्पॉटवाला खोबरं घेऊन रस्त्यापलीकडे गेला. “घ्या आजी, प्रसाद.”

“नको माका ह्या घरचो प्रसाद.” ती उठली. गाठोडं काखेत मारलं. बोटीकडे जायचं तर फाटकावरूनच जावं लागतं. तिने मान खाली घालूनच जायचं ठरवलं असावं, आणि मी खालीच होते.

ती थांबली. बोट पुढे केलं. “आ,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “मा.”

मग तिने हार बघितला. उदबत्त्या बघितल्या.

“अरे मेल्यांनो!” ती अशी काही ओरडली की आत चाललेला ठाकूरसाहेबांचा पहिला शॉट तिथेच कोसळला. “कोणी मारल्यान माका? मी जित्ती आसंय! हयसर उभी आसंय! जित्त्या माणसाच्या नावाक हार घालतत?”

“कट, कट! कोण आहे ती म्हातारी?”

“म्हातारी म्हणान नको! माझां नाव आसा ता! चंदू खंय आसा? त्याका बोलवा. नाव काढल्यान ता काढल्यान, वर माका मारून पण टाकल्यान?”

सगळे गोळा झाले. नंदकिशोरच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. “आजी, तो पाट आहे,” तो म्हणाला.

“व्हय, पाटच आसा. माझोच पाट!” तिने मला उचललं, कुंकू पदराने पुसलं, आणि तिचा अंगठा माझ्या जळक्या कोपऱ्यावर येऊन थांबला. मी फणसाची आहे, मला हुंदका येत नाही. तरी सांगते, त्या क्षणी मला काहीतरी झालं.

गर्दीतून फेटा, मिशा आणि लाल पट्टा असा एक नोकर हातात ट्रे घेऊन धावत आला. “कोण गो तू?”

“मी आमा!”

गुणाजीच्या हातातला ट्रे पडला. ठाकूरसाहेबांचे सगळे कप फुटले. “अगो आमा! तू फुडल्या आठवड्यात येवची होतंस मां?”

“तवसर जित्ती रवतलंय काय, भरवसो कोणी दिल्यान? बघ, तुमी हार घालून तयारी पण केल्यात!”

मग गुणाजीने तिला सगळं समजावलं. नाव काढलेलं नाही, चंदूने काढलेलं नाही, हे सिनेमावाले आहेत, रोज काढतात, रोज लावतात. तिला ते काही केल्या पटेना. “रोज? आणि तुमी त्यांका काढूक देतास?”  गुणाजीने मिशा तेवढ्या काढून खिशात घातल्या. मागून जंगबीर धावत आला, त्याने आधी मला बघितलं, मग मला धरून उभ्या असलेल्या तिला बघितलं, आणि यावेळी नमस्कार तिला केला. “आमा,” तो म्हणाला, त्याच्या भाषेत. ती म्हणाली, “ओ.”

दिग्दर्शक मवाळ माणूस निघाला. हात जोडून म्हणाला, “आजी, संध्याकाळपर्यंत ठाकुरांची पाटी राहू दे. मग मी स्वतः तुमची लावून घेतो.” आमाने विचार केला. “तुमची रवांदे वर,” ती म्हणाली. “पण माझां नाव मातयेत नको.” आणि ती व्हरांड्यात खुर्ची टाकून मला मांडीवर घेऊन बसली. हार तिने नंदकिशोरच्या गळ्यात घातला. तो दिवसभर काढायची त्याची हिंमत झाली नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत जे व्हायचं तेच झालं. लाइटमन आला, कॅमेरामन आला. “आजी, पण आमा म्हणजे काय हो?” आणि उत्तर यायच्या आत कासव निघालं, हो निघालं, समुद्रात बुडी मारणाऱ्या बायकासुद्धा कोणीतरी काढल्या. जंगबीर फाटकावरून ओरडला, “आमा मतलब माँ!” मला वाटलं, झालं, आता हिलाही शिकवणार. आमाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. कंटाळून म्हणाली, “किती बोलतास रे! माणसान हाक मारल्यान काय ओ म्हणाचा. अर्थ कित्याक होयो?”

 तेवढ्या एका दुपारपुरतं कोणी काही विचारलं नाही. मी इतकी वर्षं जे सांगायला तडफडत होते, ते तिने भात कालवता कालवता सांगून टाकलं.

संध्याकाळी नंदकिशोरने मला लावलं, आणि आमा खाली उभी राहून सांगत होती, डावीकडे, अजून डावीकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ लागले.

मेमध्ये चंद्रप्रकाश आले. अंगणात पाऊल टाकायच्या आधी त्यांनी फाटकाबाहेरूनच हाक मारली, “आमा!” आतून ती “ओ” म्हणाली. दाढीत पांढरे केस आलेला तो माणूस रस्त्यावरच बॅगा टाकून धावला. मला ओ म्हणता येत नाही, पण त्या हाकेतला थोडासा वाटा माझा होता, असं मी धरून चालते.

ती आणखी अडीच वर्षं या घरात होती. तिचा नियम एकच होता, शूटिंगवाल्यांनी मला काढलं की थेट तिच्या खोलीत आणून द्यायचं. नंदकिशोर निमूट आणून द्यायचा. ती मला खोबरेल तेल चोळायची, चंदूला चोळायची तसंच रगडून. माझी अक्षरं त्या काळात जितकी झळकली तितकी कधी झळकली नाहीत.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यानंतर ती गेली. झोपेतच गेली. कोळीवाडा आला, विक्रोळीचा भाचा आला, जंगबीरने सुट्टी घेतली. कोणीतरी झेंडूचा मोठा हार आणला आणि चंद्रप्रकाशांच्या हातात दिला, पाटीला घाला म्हणून. चंद्रप्रकाश तो हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. गुणाजीने त्यांना मुहूर्ताच्या दिवसाची गोष्ट कितीतरी वेळा सांगितली होती, प्रत्येक वेळी ते पोट धरून हसले होते. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. “नको,” ते म्हणाले. “ओरडेल ती.” आणि हार सुरंगीच्या झाडाला घातला.

तर मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. शूटिंगसाठी असो, रंगकामासाठी असो, कोणाच्या घरची पाटी काढलीत तर मातीत पालथी टाकू नका, आणि काम झालं की पुन्हा लावा, सरळ लावा. तिचा अर्थ तुम्हाला कळला नाही तरी चालेल. सकाळच्या बोटीने एखादं माणूस येत असतं, आणि त्याला जगात तेवढंच वाचता येत असतं.